निळ्या पाठीची घूस

"बाई, हे रताळं तं कुरतडलेलं हाय."

"मंग? घूस काय कडू रताळ्याले तोंड लावते का? गोड हाय म्हनून तं खाल्लं तिनं. तू बी खाऊन पाय."

चांदूर बाजारच्या भाजीबाजारात बेबीताईंचं हे उत्तर ठरलेलं. गिऱ्हाईक हसतं, कुरतडलेलं बाजूला सारतं, साबूत तेवढी निवडून घेतं आणि चालायला लागतं. ते पाठमोरं झालं की बेबीताई ते बाजूला टाकलेलं रताळं उचलतात, दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवतात आणि तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडतात. शेजारी मेथी-पालक घेऊन बसणाऱ्या चंदाला ती शिवी कोणासाठी असते हे माहीत आहे. कधी घुशीसाठी असते, कधी नवऱ्यासाठी.

बेबीताई साठीच्या अलीकडच्या. ठेंगण्या, काटक, पातळाचा पदर कमरेला करकचून खोचलेला. आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बसून त्या टोकाच्या गिऱ्हाइकाला बोलावतील. बोटांच्या पेरांत काळी माती इतकी मुरलेली की लग्नाकार्याला मेंदी लावली तरी ती उठून दिसत नाही. रिद्धपूर आणि चांदूर बाजारच्या मधात त्यांचं गाव, घर माळ्याचं. लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यानं विहिरीजवळचा तुकडा दाखवला आणि म्हटलं, "पोरी, वावर माह्या पोराचं. पन हे वाडी तुही. इथं तुले जे लावाचं ते लाव. कोनाले इचारू नको."

सासरा गेला. वाडी राहिली. पलीकडच्या मोठ्या वावरात नवरा कधी कापसाची पऱ्हाटी घेई, कधी तूर, कधी सोयाबीन. बेबीताई तिथं निंदायला जात, वेचायला जात, पण दुसऱ्याच्या घरी पाहुणी गेल्यासारख्या. वाडीत मात्र त्या मालकीण. सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, मेथी, वांगी, वालाच्या शेंगा, आणि आडव्या सऱ्यांवर पसरलेले लाल रताळ्यांचे वेल. ते वेल त्यांच्या माहेराहून आलेले. लाल सालीचं, आतून पांढरं, उकडल्यावर पिठूळ. शिवरात्रीच्या उपासाला बायका खास विचारत येत, "बेबीताईचे रताळे आले का?"

या वाडीला घूस लागली.

आधी खारी होत्या. खारीचा त्रास बेबीताईंनी त्रास मानला नाही. पेरलेले वालाचे दाणे उकरून नेत, पिकल्या टमाट्याला एकेक चावा घेऊन टाकून देत. बेबीताई ढेकूळ फेकत, खार निंबावर चढून शेपटी उडवत उलट त्यांनाच शिव्या देई, आणि दोघींचं दिवसभर असं चाले. खार डोळ्यांना दिसते, तिच्याशी भांडता येतं. घूस दिसत नाही. सकाळी वाडीत जावं तर सरीवर मातीचा भुसभुशीत ढीग, कालपर्यंत हिरवागार असलेला वेल मान टाकलेला. वेल हाताला धरून ओढला की मुळासकट वर येतो. आणि त्याला लोंबतं काय, तर रताळ्याचं नुसतं टरफल. वरून साबूत, आतून पोकळ.

"चोर बी कुलूप तोडते, मंग घरात शिरते," बेबीताई म्हणत. "हे रांड घर तसंच ठेवते अन् आतला मानूसच खाऊन टाकते."

त्यांनी काय नाही केलं? बिळात मिरचीची धुरी दिली, तर वारा फिरला आणि त्यांनाच दिवसभर ठसका लागला. न्हाव्याकडून केसांची पोतडी आणून सऱ्यांवर केस पसरले. लोक विचारू लागले, वाडीत कोणाचं मुंडण झालं? डांबरगोळ्या पुरल्या. बोरीच्या काट्या रोवल्या, त्या त्यांच्याच पायात मोडल्या. जुन्या कॅसेटची टेप काढून खुंट्यांना ताणून बांधली, वाऱ्यानं ती घूं घूं वाजे. खारी दोन दिवस घाबरल्या. घुशीनं त्या आवाजात निवांत जेवण केलं.

सरळ उपाय होता उंदराच्या दवाईचा. गावात सगळेच आणतात, कणकेच्या गोळ्यात घालून बिळाशी ठेवतात. पण बेबीताईंच्या घरी तो उपाय बंद होता, आणि बंद केला होता त्यांच्या नवऱ्यानं.

भगवंतराव हा मुळातच नरम माणूस. बैलाला हाकायची तुतारी टोचणार नाही, पोराला चापट मारणार नाही. काही वर्षांमागे ते रिद्धपूरला यात्रेत वांगी विकायला गेले. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून सावलीत निरूपण ऐकत बसले आणि दिवस मावळल्यावर वांगी तशीच घेऊन परत आले. पुढच्या साली त्यांनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतला. मांसमच्छी सुटली, दुसऱ्या देवांना हात जोडणं सुटलं. खोटं बोलणं आधीच कमी होतं, तेही सुटलं. आणि जीव मारणं तर नाहीच नाही.

"वांगे इकाले गेले अन् देव घेऊन आले," बेबीताई सगळ्यांना सांगत. "वांगे वाया गेले ते गेलेच."

त्यांनी स्वतः उपदेश घेतला नाही. त्या शिवरात्र धरत, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून आरती करत. नवरा काही म्हणत नसे. तो दंडवत प्रणाम म्हणे, त्या महादेवाला बेल वाहत. एका घरात दोन्ही सुखानं नांदत होतं. फाटलं ते घुशीवरून.

एकदा बेबीताईंनी दवाईची पुडी आणलीच. भगवंतरावांनी पाहिली. ओरडले नाहीत. संध्याकाळी ताट सरकवलं आणि म्हणाले, "नितेशची माय, हे मेथी वाडीतली हाय ना? मंग मले नको."

"काहून?"

"जिथं जीव मारला तिथलं पान बी मले गोड लागनार नाई."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी नुसती मिरची-भाकर. बेबीताईंनी ती पुडी उकिरड्यात खोल पुरली आणि वर दोन शिव्या टाकल्या. मग म्हणाल्या, मांजर तरी आणू. त्यावर भगवंतराव डोकं खाजवत म्हणाले, "मांजर आनली म्हंजे मारायले मानूस ठेवल्यासारखंच झालं ना वो."

"मंग मीच बसते बिळापाशी हात जोडून! म्हन्ते, बाई, तू जेव, आमी उपाशी राहतो!"

भगवंतरावांनी मान डोलावली. म्हणजे त्यांना ते पटण्यासारखं वाटलं असावं.

दिवाळीला नितेश आला. एकुलता एक पोरगा, अमरावतीला मोटारसायकलच्या दुकानात कामाला. बायको पौर्णिमा वरूडकडची, सासऱ्याच्या संत्र्याच्या बागा, त्यामुळे नितेशच्या डोक्यात संत्रा भरलेला. वाडीतून फिरून आला, पायातली माती झटकत म्हणाला, "माय, दर साली घूस खाते अन् दर साली तू लावते. हे काय शेती हाय का? इहिरीच्या बाजूची एवढी झ्याक जमीन. संत्रा लावू. चार सालं पानी द्या, मंग बसून खा."

"बसून खायाले मी काय घूस हाय?"

"माय, हसन्यावारी नको नेऊ. तुह्यानं होऊन नाई राहिलं, एवढंच म्हन्तो."

हे शेवटचं वाक्य बेबीताईंना लागलं. पोरगा संत्रा म्हणाला ते लागलं नाही, होत नाही म्हणाला ते लागलं. त्या उठल्या, चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि तिथूनच म्हणाल्या, "आयक. शिवरात्रीच्या आधी रताळे खोदू. तू ये. घुशीनं निम्म्याच्या वर खाल्ले असतीन तं वाडीत संत्रा लाव, म्या एक शब्द बोलनार नाई. पन निम्म्याच्या वर साबूत निंघाले तं तुह्या तोंडून संत्र्याचं नाव निंघालं नाई पायजे."

"जमलं," नितेश म्हणाला. "बाबा, तुमी साक्षी."

भगवंतरावांनी मान हलवली.

दुसऱ्याच बाजाराला बेबीताईंनी जाळीचा मोठा पिंजरा आणला. पिंजऱ्याला भगवंतरावांची हरकत नव्हती. उलट त्यांना आनंद झाला. "धराले काही पाप नाई," ते म्हणाले. "तू धर, मी नेऊन सोडीन."

आणि घूस सापडू लागली! भजं ठेवावं, सकाळी पिंजऱ्यात हातभर घूस, मिशा फेंदारून बसलेली. भगवंतराव पिंजरा सायकलच्या कॅरिअरला बांधत आणि निघत. बेबीताई बाजारात चंदाला फुशारकीनं सांगत, "काल एक धरली. परवा एक. आता संपतच आल्या समज."

पण वेल माना टाकतच राहिले. पूस, म्हणजे पौष, सरला तरी सऱ्यांवर ताजी माती दिसेच. बेबीताईंना कळेना, इतक्या घुशी गेल्या तरी वाडी रिकामी का होत नाही?

चंदा म्हणाली, "बाई, घूस घर भुलत नाई. माह्या मामानं एक नाल्यापलीकडे सोडली होती, ते त्याच्या आधी घरी."

"माह्या घरचे तं लय दूर नेऊन सोडतात म्हन्ते."

"मंग खून करून पाय."

"खून कसा करू, घरात उपदेशी हाय!"

"तशी खून नाई वो माय! निशानी. निशानी करून पाय."

पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला निळा रंग डब्यात थोडा उरला होता. पुढची घूस सापडली तशी बेबीताईंनी काडीला चिंधी गुंडाळली, जाळीतून आत घातली आणि तिच्या पाठीवर निळा पट्टा ओढला. घूस फिस्कारली. "नट, नट," बेबीताई म्हणाल्या, "बैलावानी नटून जाय." भगवंतराव सायकलवरून तिला घेऊन गेले.

दोन सकाळी गेल्या. तिसऱ्या सकाळी पिंजऱ्यात घूस. पाठीवर निळा पट्टा.

बेबीताई खाली बसल्या. बराच वेळ त्या घुशीकडे पाहत राहिल्या, आणि घूस त्यांच्याकडे. मग घरात येऊन म्हणाल्या, "अवो, आज जरा अजून दूर सोडा."

"बरं," भगवंतराव म्हणाले आणि पिंजरा बांधून निघाले. चुलीवरचा चहा उतरायच्या आत परत आले, पिंजरा रिकामा.

बेबीताईंनी चहा दिला. पण पुन्हा निळी सापडली, तेव्हा नवरा सायकलवर टांग टाकून निघाला तशा त्याही चप्पल न घालता मागं निघाल्या.

सायकल रस्त्याला लागलीच नाही. वाडीला वळसा घालून ती त्यांच्याच वावराच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधानं, गेली आणि तुरीच्या शेवटी थांबली. तुरीच्या आडून बेबीताईंनी पाहिलं. भगवंतरावांनी पिंजरा खाली ठेवला, खिशातून भाकरीचा तुकडा काढून जाळीतून आत सरकवला, दार उघडलं, हात जोडले आणि हळूच म्हणाले, "दंडवत प्रणाम."

घूस बाहेर आली. इकडेतिकडे पाहिलं, आणि सरळ वाडीच्या दिशेनं धुऱ्याधुऱ्यानं चालू लागली. घाई नव्हती तिला. रोजची वाट.

"हे काय करून राहिले तुमी?"

भगवंतरावांच्या हातातलं पिंजऱ्याचं दार खट्‌कन पडलं. "सोडून राहिलो."

"इथं?"

"मंग कुठं?" ते खरंच गोंधळल्यासारखे म्हणाले. "या बाजूनं पुंजाजीचा चना. त्या बाजूनं दुसऱ्याचा गहू. आपली बला लोकाच्या वावरात सोडू? ते तं चोरीहून वाईट. हे आपलं हाय. खाल्लं तं आपलं खाईन."

"आपलं? वाडी कोनाची हाय?"

"तसं नाई म्हनत मी..."

"सायकलवर बांधून, फिरवून आनून, पुन्यांदा माह्याच घरी! अवो, पोरीची पाठवनी बी अशी नाई करत कोनी! किती घुशी धरल्या आपन?"

भगवंतरावांनी मान खाली घातली. खोटं बोलता येत नव्हतं. "लय नसतीन. हे एक. अन् एक ते, नाकावर पांढरा डाग असलेली. ते बी येते कधी कधी."

"म्हंजे तुमाले मालूम होतं?"

"ओयख झालती तिची."

बेबीताईंना रडावं की काय करावं सुचेना. "इतके सालं झाले माह्यासंग लगन होऊन," त्या शेवटी म्हणाल्या, "मले कधी हात नाई जोडले तुमी. घुशीले रोज जोडता!"

त्या दिवसापासून पिंजऱ्याचं सगळं बेबीताईंनी आपल्या हाती घेतलं. निळी आठवड्याच्या आत पुन्हा सापडली. मारायची नव्हती; नवऱ्याचं ताट रिकामं पाहायची ताकद त्यांच्यात नव्हती. दुसऱ्याच्या वावरात सोडायची नव्हती, नाहीतर तो पुन्हा तोंड बारीक करून बसला असता. आणि खरं सांगायचं तर ते त्यांनाही पटलं होतं. पुंजाजीच्या बायकोनं उद्या त्यांच्या वाडीत घूस आणून सोडली असती तर बेबीताईंनी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. मग त्यांना ई-क्लास आठवला. ई-क्लास म्हणजे सरकारी गुरचरण, कोणाच्या बापाचं नाही.

बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी आणि झाकलेला पिंजरा घेऊन त्या मालवाहू ऑटोत बसल्या आणि ई-क्लासजवळ उतरल्या. पिंजरा खाली ठेवून दार उघडणार, तेवढ्यात ओरडा आला, "ए बाई! काय सोडून राहिली तिथं?"

ई-क्लासचा तुकडा वाहणारा डोमाजी. हातात काठी, मागं हिरवागार हरभरा.

"हे ई-क्लास होय ना?"

"होय."

"सरकारची जागा."

"जागा सरकारची. हरभरा माहा. सरकार काय डवरनी कराले आलतं का?" डोमाजीनं पिंजऱ्यावरचं फडकं काठीनं वर केलं आणि मागं सरकला. "बाप्पा! हे तं रंगवलेली हाय! बाई, तू जादूटोना करून राहिली का माह्या वावरावर?"

"जादू येत असती तं आधी माह्या नवऱ्यावर केली असती," बेबीताई म्हणाल्या आणि पिंजरा उचलला.

पुढं नाला. नाल्याच्या दोन्ही काठांना कोणाचा तरी संत्रा. पांदण रस्त्याला उतरावं तर दोन्हीकडे गहू. एका पडीक तुकड्याशी थांबल्या, तर एक म्हातारी कुठून तरी उगवून म्हणाली, इथं आमचा मूग पेरायचा आहे. एवढा मोठा मुलूख, आणि एका घुशीपुरती बिनमालकाची जागा नाही. ऊन वर चढलं, सांबार कोमेजायला लागलं. बेबीताई घुशीसकट बाजारात आल्या.

त्या दिवशी त्यांच्या गोणपाटाशी जेवढी गर्दी झाली तेवढी कधी झाली नव्हती. लोक घूस पाहायला येत. कोणी म्हणे बिलासपुरी जात आहे, कोणी म्हणे कशी दिली. "भाजी घेता का?" बेबीताई ओरडत. "भाजी घ्या, घूस फुकट!" भाजी कोणी घेईना. चंदा हसून हसून आडवी झाली. बेबीताईंना हसू आलं नाही. दिवसभर त्या घुशीला त्यांनाच पालकाच्या काड्या घालाव्या लागल्या.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी पिंजरा गोठ्यात ठेवला आणि पिंजऱ्याच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली गळ्यातल्या पोतीत ओवली.

"अवो, जीव कोंडनं बी..." भगवंतराव म्हणाले.

"बोलू नका."

भगवंतराव मात्र रोज सकाळ-संध्याकाळ गोठ्यात जाऊन जाळीतून भाकरी सरकवत राहिले. पुढं मागून आणलेल्या दुसऱ्या पिंजऱ्यात नाकावर पांढरा डाग असलेलीही सापडली. तिला निळीच्या पिंजऱ्यात ढकलताना बेबीताईंच्या बोटाला चावली. टिटॅनसचं इंजेक्शन घ्यावं लागलं. पण वाडीत नवा मातीचा ढीग दिसेना. एक वेल वाळला नाही. बेबीताई सकाळी सऱ्यांवरून फिरत, वेलांची पानं हातानं वर करून पाहत, आणि जितकं चांगलं दिसे तितक्या त्या जास्त संतापत. हे दिवाळीपासून झालं असतं तर!

शिवरात्रीच्या आधी नितेश आला. सोबत मोजायची दोरी आणि फक्कीची थैली. चुन्याच्या त्या फक्कीनं संत्र्याच्या खड्ड्यांच्या खुणा करायच्या होत्या. खोदायच्या आधीच आणली, हे बेबीताईंनी पाहिलं आणि गिळलं.

खोदायला सगळेच लागले. विहिरीकडच्या सरीला सुरुवात केली तेव्हा बेबीताईंच्या पोटात आशा होती. कुदळीखाली लाल, भरदार, मातीनं माखलेली रताळी निघाली, एकेका वेलाला झुपका. भगवंतराव ती दोन्ही हातांनी उचलून टोपल्यात ठेवत होते. मग मधल्या सऱ्या लागल्या. पहिलं टरफल निघालं, दुसरं निघालं. वेल ओढावा तर हातात काहीच नाही. जमीन आतून पोखरलेली, पाय ठेवला की खचे. दुपारपर्यंत एकीकडे साबूत रताळ्यांचा ढीग झाला, एकीकडे कुरतडलेल्यांचा. मोजायची गरज नव्हती. कुरतडलेला ढीग मोठा होता.

नितेश काही लागेल असं बोलला नाही. दोरीचं एक टोक त्यानं विहिरीच्या काठाला बांधलं आणि हळूच म्हणाला, "माय, तूच बोलली होती."

"बोलली होती." बेबीताई उठल्या. पदरानं तोंड पुसलं. "काय बोलली होती? सांग."

"घुशीनं निम्म्याच्या वर खाल्ले तं संत्रा."

"घुशीनं. बराबर. म्हंजे मी लढीन, घूस लढन, अन् तिनं मले हरवलं तं वाडी तुही. अवो," त्या नवऱ्याकडे वळल्या, "इकडे या. तुमी साक्षी होते. उपदेशी हात, खोटं बोलत नाई. सांगा पोराले, घुशी कोन धरत होतं?"

"तू," भगवंतराव म्हणाले.

"अन् सोडत कोन होतं?"

"मी."

"कुठं?"

भगवंतरावांनी पोराकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग पायाखालच्या खचलेल्या सरीकडे. बोलले नसते तरी चाललं असतं, कोणी काही म्हटलं नसतं. पण ते बोलले. "आपल्याच धुऱ्यावर. तुरीच्या शेवटी. भाकर देऊन."

नितेशच्या हातातली दोरी सुटली. "बाबा!"

"दुसऱ्याच्या वावरात कशी सोडू बापा?"

"गोठ्यात कोंडल्या तशा एक वेल नाई मेला," बेबीताई म्हणाल्या. "इचार बापाले. घुशीनं मले नाई हरवलं. मी तिले हरवत होती अन् हे तिले रोज नवीन करून आनून देत होते. आपला ठराव घुशीचा होता, नितेश. बापाचा नोता. उचल ते दोरी."

नितेशनं दोरी उचलून गुंडाळली. मग म्हणाला, "मंग संत्रा?"

"लाव ना. नाई कोन म्हन्ते? तूर निंघालीच हाय. वावर तुह्या बापाचं, लाव बापाच्या वावरात."

"तिथं पानी कसं नेऊ?"

"नळ्या टाक. सासऱ्याले इचार."

त्याच संध्याकाळी तुराट्या उपटलेल्या वावरात फक्कीच्या पांढऱ्या खुणा पडल्या. बेबीताईंनी पोतीतली किल्ली काढून नवऱ्याच्या हातावर ठेवली. "घ्या. सोडा आता दोघीले. तुमच्या वावरात, तुमच्या मनासारखं. पन इकडे माह्या बाजूनं पत्रे लागतीन, खोल गाडून. अन् पिंजरा माहा."

पत्रे लागले. दोन्ही घुशी सुटल्या. पावसाळ्यात वरूडहून कलमं आली आणि भगवंतरावांनी ती लेकराला निजवावं तशी एकेक खड्ड्यात ठेवली.

परवा सकाळी बेबीताई वाडीत रताळ्याचे नवे वेल लावत होत्या. पलीकडून भगवंतराव आले. हातात एक कलम, पानं मिटलेली. मुळाशी दातांच्या खुणा, गोल, स्वच्छ.

"नितेशची माय," ते पत्र्यापलीकडून म्हणाले, "तो पिंजरा दोन दिवस देते का?"

बेबीताईंनी मातीतून हात काढले नाहीत. "नेजा. पन धरली तं सोडसान कुठं?"

भगवंतरावांनी पुंजाजीच्या वावराकडे पाहिलं. मग दुसऱ्या बाजूला पाहिलं. मग ते कलम हातात घेऊन तसेच उभे राहिले.